एका नावावर सहा जण

बारावीचे निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की ठाण्यातल्या माजिवडा, बाळकुम, ढोकाळी या पट्ट्यातल्या इस्टेट एजंटांच्या दुकानांत गर्दी वाढते. घर बघायला आलेल्या पोराला बजेट नंतर विचारतात. पहिला प्रश्न असतो, ‘फॅमिली आहे का?’ नाही म्हटले की बहुतेक ठिकाणी विषय तिथेच संपतो. जिथे संपत नाही तिथे भाडे थोडे चढते, डिपॉझिट बरेच चढते आणि एजंट आवाज खाली आणून तोडगा सांगतो: ‘ॲग्रीमेंट एकाच्या नावावर करू. बाकीचे पाहुणे म्हणून राहा. सोसायटीचं मी बघतो.’

मला या ‘बाकीच्यां’विषयी लिहायचे आहे. शिकायला आलेल्या मुलांना शहरात घर मिळत नाही, असे आपण म्हणतो. घर मिळते हो. माजिवड्यातल्या कितीतरी टू बीएचकेंमध्ये आज पाच-पाच, सहा-सहा मुले राहत आहेत. त्यांना मिळत नाही ती नोंद. आणि ज्याची नोंद नाही त्याला या राज्यात डिपॉझिट परत मागता येत नाही, सरकारी भत्ता मागता येत नाही, नगरसेवकाच्या दारात जाऊन पाण्याची तक्रारही करता येत नाही. हे बिनकागदाचे राहणे कायद्याने त्यांच्यावर लादलेले नाही. कायदा उलट बोलतो. ते लादले आहे आपण: घरमालकांनी, सोसायट्यांनी आणि विद्यार्थी कुठे राहतो हा आपला प्रश्नच नाही असे मानणाऱ्या शिक्षणसंस्थांनी.

माजिवडाच का, तर जागाच तशी आहे. पूर्व द्रुतगती मार्ग, नाशिक महामार्ग आणि घोडबंदर रस्ता इथे एकमेकांत घुसतात. मूळ गाव आगरी-कोळ्यांचे. पलीकडे कोलशेत-बाळकुमला रसायनांचे कारखाने होते. कारखाने उठले, त्यांच्या जमिनींवर टॉवर आले. १९९१ साली ठाणे महापालिकेची लोकसंख्या ८ लाखांच्या आसपास होती, २०११ च्या जनगणनेत ती १८ लाखांवर गेली. शेजारी बाळकुमला मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र आहे, कळव्यात महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीकडे अभियांत्रिकीचे, चेंदणीला खाडीकाठी विद्या प्रसारक मंडळाची जुनी महाविद्यालये. या सगळ्यांच्या मध्ये माजिवडा. कुठल्याही दिशेला शेअर रिक्षा किंवा टीएमटीची बस मिळते, म्हणून मुले इथे खोली शोधतात.

मुंबई आणि उपनगरांतली महाविद्यालये एका गृहीतकावर उभी राहिली: विद्यार्थी आईबापांच्या घरी राहतो आणि लोकलने ये-जा करतो. म्हणून ती स्टेशनाजवळ आहेत, म्हणून सकाळची सत्रे आहेत, म्हणून वसतिगृहाचा प्रश्न कुणाला फारसा पडला नाही. कल्याण-डोंबिवलीच्या मुलांबाबत हे गृहीतक अजून कसेबसे टिकते. पण कसाऱ्याच्या पुढचा, मोखाड्याचा, जव्हारचा, किंवा बीड-परभणी-नंदुरबारहून आलेला मुलगा त्यात बसतच नाही. शिवाय माजिवड्याला लोकलचे स्टेशन नाही. मेट्रोचे खांब इतकी वर्षे बघितले की ते रस्त्याचेच भाग वाटू लागले.

आता अशा एका घराचा हिशेब जवळून बघू. समजा दोन बेडरूमचा फ्लॅट, ३० हजार भाडे, १ लाख डिपॉझिट. सहा मुले, म्हणजे माणशी ५ हजार भाडे आणि डिपॉझिटचे साधारण साडेसोळा हजार. करारावर नाव एकाचे. बहुधा ज्याचे वडील सरकारी नोकरीत आहेत त्याचे, कारण मालकाला तेवढाच दिलासा. बाकीच्या पाचांनी आपला वाटा त्याला जीपेवर पाठवलेला. वर्षाच्या मध्ये एखाद्याची परीक्षा आटोपते, कुणाला पुण्यात नोकरी लागते, कुणाचे घरचे पैसे थांबतात. जाणाऱ्याने आपले डिपॉझिट मागायचे कुणाकडे? मालक त्याला ओळखतच नाही. मग मुलांनी स्वतःच एक पद्धत बसवली आहे: ‘माझ्या जागी माणूस बघून देतो, तो मला माझे पैसे देईल.’ नवा माणूस जुन्याला साडेसोळा हजार देतो आणि त्याच्या कॉटवर झोपतो. त्याच्या मागून तिसरा येतो. अशा तीन पिढ्या गेल्यावर ज्याच्या नावावर करार आहे तोच एक दिवस निघतो. मालक त्याला रंगकामाचे, सफाईचे, तुटलेल्या गीझरचे पैसे कापून उरलेली रक्कम देतो. ही कपात सहा जणांत वाटायची कशी, यावरून वर्षानुवर्षांच्या मैत्र्या मोडतात. मालकाला याचा पत्ताही नसतो, आणि असायचे कारणही नाही, कारण त्याच्या लेखी त्या घरात एकच माणूस राहत होता.

या व्यवहाराला कायदाच नाही असे नाही. उलट महाराष्ट्रात कायदा चांगला स्पष्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचे कलम ५५ सांगते की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नोंदणीकृत कागद नसेल तर अटी काय होत्या याबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक असते? बाळकुमच्या उपकेंद्रात कायदा शिकणारी मुले आहेत. त्यातल्या किती जणांच्या स्वतःच्या खोलीचा करार स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारून झाला असेल, याची एकदा वर्गातच हात वर करून मोजणी व्हावी.

अकरा महिन्यांच्या कराराचीही अशीच गंमत. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती, म्हणून नोंदणी टाळण्यासाठी लोक अकरा महिन्यांचा कागद करू लागले. १९९९ च्या कायद्याने महाराष्ट्रात ही पळवाट बंद केली. एक महिन्याचा करारही नोंदवावाच लागतो. पळवाट गेली तरी अकरा हा आकडा मात्र देवाच्या आकड्यासारखा राहिला. त्याचा आज एकच लाभार्थी उरला आहे: एजंट. दर अकरा महिन्यांनी करार नवा, म्हणून दलालीची मागणी नवी. वरच्या उदाहरणात मुद्रांक शुल्क किती होते बघा. एकूण भाडे ३ लाख ३० हजार, त्यात डिपॉझिटवरचे १० टक्के दराने व्याज मिळवायचे आणि त्या बेरजेच्या ०.२५ टक्के शुल्क. साडेआठशेच्या आसपास. शहरी भागातली नोंदणी फी १ हजार. सरकार दोन हजारांच्या आसपास काम करून देते, घरी येऊन अंगठा घेणारा माणूस आपले काही शे रुपये वेगळे घेतो, आणि एजंट एका महिन्याचे भाडे मागतो. तरीही ‘रजिस्ट्रेशन महाग पडतं’ हे वाक्य आपण निमूट ऐकून घेतो.

घरमालकाला मी खलनायक करणार नाही. त्याच्या भीतीला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली, आणि १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांना एका फटक्यात संरक्षित भाडेकरू केले. ज्यांनी ओळखीपाळखीने चार महिन्यांसाठी खोली दिली होती, त्यांची खोली कायमची गेली. त्या पिढीतल्या कित्येकांनी रिकामा फ्लॅट कुलूप लावून ठेवला, पण भाड्याने दिला नाही. ही धास्ती पुढच्या पिढीला वारशात मिळाली. पण १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ ने ती कधीच निकामी केली आहे. लायसन्सची मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. नोंदवलेला करार हाच त्याचा निर्णायक पुरावा. मुदतीनंतर राहणाऱ्याला दुप्पट दराने पैसे भरावे लागतात. म्हणजे नोंदणी ही मालकाच्याही भल्याची. सहा मुलांपैकी पाचांची नावे वगळून तो स्वतःचाच पुरावा कमकुवत करतो. उद्या भांडण झाले तर त्या पाचांशी त्याचा काय संबंध, हे तो कुठल्या कागदावरून दाखवणार?

खरी अडवणूक मालकापेक्षा सोसायटीची असते, आणि इथे मी घरातलाच बोलतो, कारण मीही अशाच एका सोसायटीचा सभासद आहे. आमच्या सभेत ‘बॅचलरला फ्लॅट देऊ नये’ हा विषय आला तेव्हा बोलणारे सगळे भले लोक होते. एक काका म्हणाले, रात्री दोनला लिफ्टचा आवाज येतो. एका वहिनींचे म्हणणे, टँकर मागवायची वेळ येते तेव्हा सहा पोरांच्या आंघोळीचे पाणी आम्ही का भरायचे. दोन्ही तक्रारी खऱ्या. घोडबंदर पट्ट्यात पाण्याचे हाल कुणाला सांगायला नकोत. पण ठराव लिहायला घेतला तेव्हा त्यात ना लिफ्ट होती ना पाणी. त्यात होते, ‘फक्त कुटुंबांना’. सातव्या मजल्यावरच्या कुटुंबाचा मुलगा रात्री दोनला फटाके फोडतो, त्याचे काय, असे मी विचारले. उत्तर आले: ‘तो आपला आहे.’

या उत्तराचा मला राग येण्याऐवजी कंटाळा आला. आपला म्हणजे कोण? त्या खोलीतले निम्मे लोक गिरगाव, परळ, लालबागची घरे सोडून गेल्या पंचवीस वर्षांत ठाण्याला आलेले. माजिवड्याच्या मूळ गावकऱ्यांनी ‘फक्त गावचे’ असा ठराव केला असता तर आमच्यातल्या एकालाही इथे चावी मिळाली नसती.

कायद्याने बघितले तर हा ठराव पोकळ आहे. गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी सदस्याकडून आगाऊ सूचना, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत मागतात. भाडेकरूचे लग्न झाले आहे का, हे विचारत नाहीत. भाड्याने दिलेल्या घरावर जादा आकार किती घ्यावा यालाही १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाने मर्यादा आहे: सेवाशुल्काच्या १० टक्के, त्यावर एक पैसा नाही. सभेने हात वर करून उपविधी बदलत नाहीत. पण कोर्टात जायचे कुणी? मालकाला शेजाऱ्यांशी वैर नको, विद्यार्थ्याला वर्षभरात जायचेच आहे. शिवाय राज्यघटनेचे पंधरावे कलम भेदभावाची मनाई करते ती मुख्यतः सरकारला. त्यातले दुसरे उपकलम दुकाने, खानावळी, विहिरी, रस्ते यांची नावे घेते, राहत्या घराचे नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेला सदस्यत्व पारशांपुरते ठेवण्याची मुभा दिली, तीही संघटना स्वातंत्र्याच्या आधाराने. तो निकाल सदस्यत्वाचा होता, भाडेकरूंचा नव्हता; पण आपले घर आपल्यासारख्यांसाठीच, या मनोवृत्तीला त्याने बळ मिळाले यात शंका नाही.

‘सुरक्षितता’ हा शब्द सभेत सर्वांत जास्त वापरला जातो, म्हणून त्याचीही झडती घेऊ. भाडेकरूंची माहिती पोलिसांना कळवावी असे मनाई आदेश ठाण्याचे पोलीस आयुक्त वेळोवेळी काढतात. सोसायटीने बॅचलरबंदी केली की मालक आणि एजंट एका मुलाची माहिती देतात आणि पाच लपवतात. म्हणजे ज्या इमारतीला सुरक्षिततेची सर्वांत जास्त काळजी, तिथेच कोण राहते हे पोलिसांना, सेक्रेटरींना, कुणालाच ठाऊक नसते. आग लागली तर आठव्या मजल्यावर किती जण आहेत हे अग्निशमनवाल्यांना कोण सांगणार?

लपून राहण्याची ही तऱ्हा आपल्याकडे जुनी आहे. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेले भीमराव आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना कुणी घर देईना. एका पारशी धर्मशाळेच्या नोंदवहीत पारशी नाव घालून ते राहिले. काही दिवसांतच लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना तिथून निघावे लागले. मित्रांनी सबबी सांगितल्या. त्या प्रसंगाबद्दल त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आजच्या विद्यार्थ्याची अडचण त्या अपमानाच्या पासंगालाही पुरणार नाही, हे मान्य. पण ‘फॅमिली आहे का’ नंतरचा प्रश्न बहुधा ‘आडनाव काय’ आणि त्याच्या पुढचा ‘व्हेज की नॉनव्हेज’ असतो. हे तीन प्रश्न कशासाठी विचारतात ते विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही कळते. मुलींना तुलनेने घर लवकर मिळते, पण रात्री नऊच्या आत यायचे, भाऊसुद्धा वर आणायचा नाही, या अटींसकट. त्यांच्यात मालकाला भाडेकरूपेक्षा सून हवी असते.

राहण्याशिवाय शिक्षण नाही, ही गोष्ट या महाराष्ट्राला सव्वाशे वर्षांपूर्वी उमगली होती. राजर्षी शाहूंनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले, मग जैन, मुसलमान, लिंगायत, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. ही वसतिगृहे जातवार होती, त्यावर टीका करता येते. पण त्या काळी खेड्यातल्या पोराला दार उघडण्याचा तोच रस्ता होता. शाळा मोफत असून चालत नाही, शाळेच्या गावात झोपायला जागा लागते, हे त्या राजाने ओळखले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढचे पाऊल टाकले आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे वसतिगृह उभारले. रयत शिक्षण संस्थेचा पायाच वसतिगृहाचा. मुंबईच्या गिरणगावात तर अडाणी म्हटलेल्या कामगारांनी गावच्या नावाने खोल्या घेतल्या, पाळीपाळीने झोपले, खानावळीत जेवले. पण खोलीत कोण आहे ते गावाला माहीत होते. पाळीने झोपणाऱ्याचीही तिथे नोंद होती.

आणि आता? सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यासाठी राज्याची स्वाधार योजना आहे. ठाण्यासारख्या शहरात तिच्यात वर्षाला ६० हजार मिळतात. त्यातले निवासाचे २० हजार. दहा महिने धरले तरी महिन्याला २ हजार. माजिवड्यात या पैशात अर्धी कॉटसुद्धा येत नाही. याच देशात जून २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने वसतिगृह आणि पीजीच्या भाड्यावर सूट दिली, ती माणशी महिन्याला २० हजारांपर्यंत. एका हिशेबात २० हजार हा सर्वसाधारण विद्यार्थ्याचा एका महिन्याचा निवास, दुसऱ्यात तो वर्षाचा. दोन्ही आकडे सरकारीच. त्यातही स्वाधारसाठी भाड्याने राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. तो कुठून आणायचा? करार तर ‘सरकारी नोकरीवाल्या’च्या मुलाच्या नावावर आहे.

केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडे कायद्याचा मसुदा मंजूर केला. राहत्या घरासाठी दोन महिन्यांहून जास्त डिपॉझिट नको, घरात यायचे तर मालकाने चोवीस तास आधी कळवावे, अशा त्यातल्या तरतुदी विद्यार्थ्यांच्या कामाच्या आहेत. पण तो राज्यांवर बंधनकारक नाही, आणि मला त्याची फार आशाही नाही. आहे तो कायदाच पाळला तरी माजिवड्यातली निम्मी भांडणे मिटतील.

काय करता येईल ते अगदी साधे आहे. करारात सहाच्या सहा नावे घालायची. ऑनलाइन नोंदणीत एकाहून अधिक लायसन्सी घालता येतात, प्रत्येकाचा आधार आणि अंगठा लागतो एवढेच. डिपॉझिटमध्ये कुणाचा किती वाटा हे करारातच लिहायचे. इंडेक्स टूची, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत प्रत्येकाने जवळ ठेवायची. महाविद्यालयांनी प्रवेशाच्या अर्जात ‘स्थानिक पत्ता’ या रकान्यात काय लिहिले आहे ते एकदा नीट वाचावे. विद्यार्थ्याला पत्ता नसेल तर तो प्रश्न संस्थेचा आहे. महापालिकेला मोठ्या गृहसंकुलांकडून सुविधा भूखंड मिळतात. त्यातल्या एखाद्या भूखंडावर कोलशेत-बाळकुम पट्ट्यात पाचशे मुलांचे वसतिगृह का नको? तिथे क्लबहाउस बांधले तर ते सदस्यांसाठी. वसतिगृह बांधले तर ते शहरासाठी. आणि मुलांनो, शिकायच्या गावी मतदार म्हणून नाव नोंदवता येते, महाविद्यालयाचे प्रमाणपत्र त्यासाठी चालते. माजिवड्यातली तीन-चार हजार विद्यार्थीमते यादीत दिसू द्या, मग बघा पाण्याच्या टँकरची चौकशी करायला कोण कोण वर येते.

सोसायटीतल्या माझ्या शेजाऱ्यांना मात्र एवढेच सांगणे आहे. प्रत्येक गृहनिर्माण संस्थेला ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. ‘फक्त कुटुंबांना’ हा ठराव तुमच्या इतिवृत्तात असेल तर या वर्षी तो रद्द करण्याचा विषय पत्रिकेवर घाला. रात्री दहानंतर आवाज नको, पाण्याचा आकार माणशी, जिन्यात सायकली नकोत, असे हवे तेवढे नियम करा आणि ते सातव्या मजल्यावरच्या आपल्या मुलालाही लावा. नियम मोडणाऱ्याला नोटीस द्या. फक्त त्या नोटिशीवर लिहायला त्याचे खरे नाव तुमच्याकडे असू द्या.